कोऱ्या पानावरची सही

पुकारुमीच्या शाळेचा स्लॅब बुधवारी दुपारी पडला आणि ग्रिसेल्दा पालोमिनो शुक्रवारी सकाळी तिथं पोचली. शाळा नगरपालिकेची. ठेकेदार बांधतो ते नीट बांधतो की नाही, हे बघायला नगरपालिकेनं तिला पगारावर ठेवलेलं. रोज जागेवर उभं राहायचं, हेच तिचं काम. आणि स्लॅब पडला तेव्हा बाई होत्या चौदा तासांच्या अंतरावर, दुसऱ्याच एका गावात पाण्याच्या टाकीच्या भिंती मोजत. कायदा म्हणतो, एका इंजिनियरनं एका वेळी एकाच कामावर देखरेख करावी. पण त्या डोंगरात कायद्यानं चालणारा इंजिनियर उपाशी मरतो, असं सगळेच म्हणायचे. ग्रिसेल्दाही म्हणायची. उंटावरून शेळ्या हाकायची सवय एकदा लागली की माणसाला खाली उतरावंसं वाटत नाही.

ती आधी तिसऱ्या वर्गात गेली. अर्धा स्लॅब खाली आला होता, उरलेला अर्धा सळयांना लोंबत होता. स्लॅबमधल्या पोकळ विटांचा चुरा सगळीकडे पसरलेला. कोपऱ्यात कोणीतरी चुना टाकला होता, बराच टाकला होता, आणि तो कशावर टाकलाय हे तिला विचारावं लागलं नाही. भिंतीजवळ निलगिरीच्या बल्ल्या नीट रचून ठेवल्या होत्या. त्या बल्ल्या स्लॅबखाली टेकू म्हणून उभ्या असायला हव्या होत्या, एकवीस दिवस. ती जाताना सातुर्निनो मिस्त्रीला तसं बजावून गेली होती. तिनं बोटांवर मोजलं. आठव्या दिवशी काढल्या. या उंचीवर, या थंडीत, जिथं रात्री बादलीतलं पाणी दगड होतं, तिथं आठव्या दिवशी.

"विल्बर!" ती ओरडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

विल्बर ताकुरी हा ठेकेदाराचा जागेवरचा इंजिनियर. वय एकतीस, दाढी केलेली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. तो सामानाच्या खोलीतून शांतपणे बाहेर आला. त्याच्या हातात कामाची वही होती.

अशा कामांवर ही वही म्हणजे देव. प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक पानावर गावच्या न्यायपंचाचा शिक्का, प्रत्येक पानाखाली कार्बन घालून तीन प्रती: एक नगरपालिकेची, एक ठेकेदाराची, एक देखरेख करणाऱ्याची. तिच्यात फक्त दोघांनी लिहायचं. वर ठेकेदाराच्या इंजिनियरनं, खाली ग्रिसेल्दानं. पाऊस आला, वाळू आली नाही, भांडण झालं, हुकूम दिला, सगळं तिच्यात. वहीत नाही ते घडलंच नाही, असं बांधकामावरची माणसं म्हणतात, आणि कोर्टही तेच म्हणतं.

"आधी हे वाचा," विल्बर म्हणाला आणि त्यानं नोंद क्रमांक अठ्ठ्याऐंशी उघडली.

तिनं उभ्याउभ्याच वाचली. "आज सकाळी मिस्त्री सातुर्निनो यारांगा याने दारूच्या नशेत, कोणासही न विचारता, तिसऱ्या वर्गाखालील बल्ल्या काढल्या. देखरेख इंजिनियरांनी त्यास तोंडी मनाई केली होती." अक्षर विल्बरचं. खाली तिची गोल सही, आणि सहीवर तिचा शिक्का.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. वर माझं अक्षर आहे, खाली तुमची सही आहे. नेहमीसारखंच."

"मी हे वाचलेलं नाही."

"गेल्या आठवड्यातली एक तरी ओळ तुम्ही वाचलीय का, इंजिनियरबाई?"

गुरुवारी टाकीच्या गावाला निघताना तिनं पुढच्या नऊ पानांवर खाली सह्या ठोकल्या होत्या, चौऱ्याऐंशी ते ब्याण्णव, शिक्क्यासकट. वर तू रोजचं लिहीत जा, म्हणाली होती. गाडीचा ड्रायव्हर बाहेर भोंगा वाजवत होता आणि नऊ सह्यांना दोन मिनिटं लागली होती. हे ती पहिल्यांदाच करत नव्हती. कोणीच पहिल्यांदा करत नाही. सगळे करतात, आणि कुणाचाच स्लॅब पडत नाही, तोपर्यंत सगळं ठीक असतं.

"सातुर्निनो दारूच्या थेंबाला शिवत नाही," ती म्हणाली. "गेली अकरा वर्षं. सगळ्या गावाला माहितीये."

"सणाच्या आधीचा आठवडा आहे, बाई. या आठवड्यात सगळा गाव पितो. कोण बघायला जातंय?"

"बल्ल्या काढायला त्याला कोणी सांगितलं?"

विल्बरचा आवाज उतरला. "शहरातून मालकाचा रोज फोन. दुसऱ्या स्लॅबला नव्या बल्ल्या-फळ्या भाड्यानं आणणार नाही, आहेत त्याच काढून वापर, सणाला उद्घाटन झालंच पाहिजे. नगराध्यक्षांचाही तोच धोशा. मी काय करू? मला हाकलून दिलं असतं, माझ्या जागी दुसऱ्यानं काढल्या असत्या."

"म्हणून त्या माणसाच्या डोक्यावर खापर?"

"मग कोणाच्या फोडू? तुमच्या?" त्यानं पान उलटलं. "एकोणनव्वद ते ब्याण्णव. चार पानं अजून कोरी आहेत आणि खाली तुमची सही, तुमचा शिक्का. पानं फाडता येत नाहीत, न्यायपंचाचे शिक्के आहेत. बारा वाजता शाळेच्या आवारात सभा आहे, वही त्याच्या ताब्यात द्यायचीय. त्याआधी या चारांवर आडवी रेघ मारा, 'रद्द' लिहा. रद्द केलेल्या पानावर सही असतेच, कोणाला संशय येणार नाही. तुमचा परवाना वाचेल, माझी नोकरी वाचेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि सातुर्निनो?"

"तो तसाही आता स्लॅब टाकायला येणार नाही," विल्बर म्हणाला आणि त्यानं पेन पुढं केलं.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला मनापासून वाटलं. पण हात उचलायचा तर आधी स्वतःवर उचलावा लागला असता, आणि विल्बरला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो इतका शांत होता. तिनं पेन घेतलं, वही काखेत मारली आणि खाली जेवणाच्या छपराकडे निघाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. खरं सांगायचं तर तिला माणसं बघायची होती, विल्बर सोडून कुणीही.

छपराखाली कामावरची वीसबावीस माणसं थकवा मारायला कोकाची पानं गालात धरून बसली होती. चुलीवर मक्याचं सूप रटरटत होतं. चुलीशी एस्कोलास्तिका होती, सातुर्निनोची बायको. कामगारांचं जेवण तिच्याकडेच. दोन दिवस हुआमांगाच्या इस्पितळात बसून ती पहाटेच्या गाडीनं परत आली होती, नवऱ्याची कांबळी आणि कागदपत्रं न्यायला, आणि आल्या आल्या बटाटे सोलायला बसली होती. कारण बावीस माणसांना कोण जेवू घालणार? ग्रिसेल्दाला बघून तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"बसा, इंजिनियरबाई."

"कसे आहेत मिस्त्री?"

"पाय कापला. काल. उजवा, गुडघ्याच्या खाली." तिनं एक बटाटा पाण्यात टाकला. "डॉक्टर म्हणतात, अजून दोनदा कापाकापी करावी लागेल. आणि विम्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, वहीत दारूचं लिहिलंय असं ऐकतो. तसं असलं तर आमचा काही संबंध नाही, आणि पोलीस येतील ते वेगळंच."

ग्रिसेल्दाच्या काखेतली वही जड झाली.

"शुद्धीवर आला तेव्हा पहिलं काय म्हणाला माहितीये?" एस्कोलास्तिका म्हणाली. "मी कधी आले ते विचारलं नाही. पाय कुठाय ते विचारलं नाही. म्हणाला, 'बाईंची सही होती.'"

"काय सही?"

"मंगळवारी तो ताकुरी म्हणाला, बल्ल्या काढ. हा म्हणाला, नाही, बाई एकवीस दिवस सांगून गेल्यात. पुन्हा म्हणाला, पुन्हा नाही म्हणाला. बुधवारी सकाळी तो वही घेऊन आला. म्हणाला, हे बघ, बाईंचा हुकूम आलाय, आणि वाचून दाखवलं. 'काढायला परवानगी आहे.' माझ्या नवऱ्याला नकाशा वाचता येतो, बाई. तुमच्यापेक्षा चांगला येतो. अक्षर येत नाही. पण तुमची सही तो ओळखतो. सात महिने रोज बघतोय."

मागून निकानोर नावाचा सळया बांधणारा बोलला, खाली मान घालून. "मी त्याच्या मागं उभा होतो, बाई. पान कोरं होतं. खाली नुसती सही. मला वाटलं, लिखाण मागच्या बाजूला असेल. शिकलेल्या माणसांचं आपल्याला काय कळतं?"

कोणी हसलं नाही. सूप उतू जायला लागलं, ते एस्कोलास्तिकानं डाव्या हातानं ओढून बाजूला घेतलं आणि सरळ ग्रिसेल्दाकडे बघितलं.

"तुम्ही तसं लिहिलं होतं का?"

"नाही."

"मग सही कशी?"

आपण ड्रायव्हरचा भोंगा, टाकीचं काम, सगळेच करतात, यातलं काय सांगणार होतो, याची ग्रिसेल्दालाच शिसारी आली. एस्कोलास्तिकाला थांबावं लागलं नाही. बाईमाणूस हुशार होती; बावीस माणसांचा हिशोब ती कागदाशिवाय ठेवत होती.

"म्हणजे तू कोऱ्या कागदावर सही करून गेलीस," ती म्हणाली. 'तुम्ही' गेलं ते गेलंच. "अगं, माझा नवरा अंगठा उठवतो. तरी अंगठा उठवायच्या आधी चार जणांना विचारतो, बाबांनो, यात काय लिहिलंय? आणि तू? एवढी शिकलीस, एवढा शिक्का घेऊन फिरतेस, तुला कोणी विचारायचं शिकवलं नाही?"

"चूक झाली."

"चूक?" एस्कोलास्तिका उठून उभी राहिली. सुरी अजून हातात होती, तिचं तिला भान नव्हतं. "मीठ जास्त पडलं तर चूक. हे चूक आहे होय?"

छपराखालची एकही मान वर झाली नाही. ग्रिसेल्दा वही घेऊन बाहेर आली आणि शाळेच्या पायरीवर बसली. तिला राग आला होता, भयंकर आला होता. विल्बरचा, नगराध्यक्षांचा, फळ्यांचं भाडं वाचवणाऱ्या त्या मालकाचा, ज्याचं तोंडही तिनं कधी बघितलं नव्हतं. आणि प्रत्येकाचा राग करून झाल्यावर तो फिरून तिच्याच दारात येऊन बसत होता. परवाना गेला तर तिला पुढं काय करायचं हे माहीत नव्हतं. शेहेचाळीसाव्या वर्षी माणूस दुसरं काय शिकतो? तिनं वही उघडली, एकोणनव्वदचं कोरं पान बघितलं. एक आडवी रेघ. चार पानं, चार रेघा, अर्धं मिनिट. पेन खिशात होतं. तिनं ते बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. बारा वाजेपर्यंत हेच चाललं.

सभेला पन्नाससाठ माणसं जमली. खुर्चीवर नगराध्यक्ष होनोरातो पोमा, छातीवर पदाचा पट्टा लावून. शेजारी ठेकेदाराचा वकील, शहरातून आलेला, बुटांना चिखलही न लागलेला. टेबलामागं न्यायपंच एलेउतेरियो, निवृत्त शाळामास्तर. त्यांच्याच हातचे शिक्के वहीच्या पानापानावर होते.

नगराध्यक्षांनी दुःख व्यक्त केलं. मिस्त्री आपलाच माणूस, पण माणसाकडून सणासुदीला एखादा घोट जास्त होतो, काय करणार. शाळा मात्र थांबणार नाही, नवा मिस्त्री येईल. मागं उभ्या असलेल्या एस्कोलास्तिकाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"वही," न्यायपंच म्हणाले.

ग्रिसेल्दा पुढं झाली. विल्बर तिच्याकडे टक लावून बघत होता, रेघा मारल्या का ते डोळ्यांनीच विचारत होता.

"नोंद अठ्ठ्याऐंशी खोटी आहे," ती म्हणाली. "मिस्त्री प्यायले नव्हते. त्यांनी दोनदा नकार दिला होता. त्यांना माझी सही दाखवून बल्ल्या काढायला लावल्या."

आवारात गलका झाला. वकील अजिबात गडबडला नाही. "अठ्ठ्याऐंशीच्या खाली सही तुमची आहे ना?"

"आहे."

"शिक्का?"

"माझाच."

"मग खोटी कशी?"

"मी सही केली सहा तारखेला. तेव्हा पान कोरं होतं."

वकील हसला. त्याला हसण्याचे पैसे मिळत असावेत, इतक्या सवयीनं हसला. "म्हणजे न वाचता सही करणं हा तुमचा धंदा. मग बाई, आत्ता जे बोलताय ते तरी शुद्धीवर बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं? काल एक सही, आज उलटं बोलणं. उद्या तिसरंच. यातलं खरं कुठलं?"

आणि खरंच, लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिनं परवान्यावर पाणी सोडलं होतं आणि तरी काही उपयोग नव्हता. तेलही गेलं, तूपही गेलं. आपल्या शब्दाला आता कवडीची किंमत नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तो शब्द कोणी चोरून नेला नव्हता. नऊ सह्या ठोकून तिनं स्वतःच तो विकून टाकला होता.

नगराध्यक्ष खुर्चीतून वाकून हळूच म्हणाले, "बसा खाली, इंजिनियरबाई. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?"

तिथं तिचा बांध फुटला.

"तुम्हाला माहीत होतं!" ती इतक्या जोरानं ओरडली की मागची दोन कुत्री भुंकायला लागली. "टाकीचं काम मी घेतलंय हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! 'अधूनमधून तोंड दाखवत जा, बाकी शिक्का पुरेसा आहे,' कोण म्हणालं होतं? कुठल्या तोंडानं आज सणाचा घोट सांगता? तो माणूस पाणी पीत होता हो, पाणी, तुमची शाळा बांधताना!" मग ती वकिलाकडे वळली. "खरं कुठलं ते पाहिजे ना? हे घ्या."

तिनं वही उघडून टेबलावर आपटली. एकोणनव्वद. मग नव्वद. मग एक्याण्णव, ब्याण्णव. एकेक पान तिनं वर धरलं, सगळ्या आवाराला दिसेल असं. वर काही नाही. खाली गोल सही आणि शिक्का.

"आज चौदा तारीख. हे पान आजचं, हे उद्याचं, हे सोमवारचं. सोमवार अजून उगवायचाय आणि मी सही करून बसलेय! अठ्ठ्याऐंशी पण अशीच होती. बघा ना, निकानोर, असंच पान होतं ना?"

"असंच," निकानोर म्हणाला. आता त्यानं मान वर केली होती. "अगदी असंच. खाली सही, वर काही नाही. मी मिस्त्रीच्या मागं उभा होतो. ताकुरीनं कोऱ्या पानावरून वाचलं."

न्यायपंचांनी चष्मा पुसला, चारही पानं स्वतः उलटून बघितली, कार्बनच्या प्रतीही बघितल्या. प्रत्येक प्रतीवर तीच सही उतरली होती. विल्बरनं जाकिटाची चेन अजून वर ओढायचा प्रयत्न केला, पण ती आधीच वर होती. वकील आता हसत नव्हता.

ग्रिसेल्दाचा राग उतरला नव्हता. तिनं खिशातलं पेन काढलं आणि गर्दीतून वाट काढत एस्कोलास्तिकापाशी गेली. "घ्या. नव्वदाव्या पानावर काय लिहायचं ते लिहा. मला फाशी द्या असं लिहा. खाली माझी सही आहेच."

एस्कोलास्तिकानं पेनाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचे डोळे कोरडे होते.

"तुला अजून अक्कल आली नाही," ती म्हणाली. "पुन्हा कोरं पान दुसऱ्याच्या हातात देतेस. मला कशाला लिहायला लावतेस? तू लिही. सगळं लिही, सगळ्यांची नावं लिही. आणि या खेपेला आधी लिही, मग सही कर."

मागून कोणीतरी "हां!" म्हणालं. ग्रिसेल्दा टेबलाशी परत आली. एकोणनव्वदच्या पानावर तिनं आधी जुन्या सहीवर काट मारली. मग वरून लिहायला सुरुवात केली. नगराध्यक्ष म्हणाले, माझं नाव वहीत घालायचा तुम्हाला अधिकार नाही. न्यायपंच म्हणाले, वहीत लिहायचा अधिकार तिचाच आहे, होनोरातो, तूच तिला नेमलंयस. तिनं लिहिलं: सहा तारखेला काय केलं, कशासाठी केलं, टाकीचं काम, नगराध्यक्षांना ते माहीत असणं, फळ्यांसाठी आलेले फोन, कोऱ्या पानावरून वाचलेला हुकूम. सातुर्निनो यारांगा यांनी दोनदा नकार दिला. ते दारू पीत नाहीत. स्लॅब पडण्यास ते जबाबदार नाहीत. मी आहे आणि खाली नमूद केलेले आहेत. पान पुरेना, तेव्हा अक्षर बारीक केलं. मग पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं, आणि निकानोरनं एकेक वाक्य केचुआत, डोंगरातल्या बोलीत, सांगितलं, मागच्या म्हाताऱ्यांसाठी. मग सही केली. न्यायपंचांनी शिक्का मारला, उरलेल्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या हातानं रेघा ओढल्या आणि तिची प्रत फाडून तिला दिली.

तिला वाटलं होतं, आता निदान कोणीतरी काहीतरी बोलेल. माणसं जेवायला गेली. एस्कोलास्तिका कांबळ्यांचं गाठोडं घेऊन समोर आली.

"तीनची गाडी आहे," ती म्हणाली. "चल. त्या ताकुरीनं त्याला खोटं वाचून दाखवलं. आता तू जा आणि खरं वाचून दाखव."

गाडीत पाच तास दोघी शेजारी बसल्या. रात्री ग्रिसेल्दा एका लॉजमध्ये कपड्यांसकट आडवी पडली. सकाळी भेटायच्या वेळेला ती इस्पितळात गेली. लांबलचक खोली, बारा खाटा. सातुर्निनो खिडकीपासच्या खाटेवर होता. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. एवढा दांडगा माणूस, आणि उशीवर डोकं केवढंसं दिसत होतं.

तिनं घडी घातलेला कागद उघडला आणि वाचला. तो छताकडे बघत ऐकत होता.

"मला माहीत होतं," वाचून झाल्यावर तो म्हणाला.

"काय, मिस्त्री?"

"स्लॅब तयार नाही हे. बुधवारी सकाळी मी खालून हातोडीनं वाजवून बघितला. आवाज ओला होता. वीस वर्षं मी दंवात काँक्रीट टाकतोय, बाई. मला पुस्तक लागत नाही." त्यानं मान वळवली. डोळे लाल झाले होते. "आणि मग तुमची सही बघितली. म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांनी काहीतरी मोजलं असेल, आपल्याला कळत नसेल. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही. त्या गिचमिडीवर ठेवला. पायाचं एकवेळ मी सोडून देईन. हे नाही सोडणार. ऐकताय ना? मला मरेपर्यंत याचा राग येत राहणार, आणि तो तुम्ही मला दिलाय."

"मिस्त्री, मी…"

"माफी नको." त्यानं हात झटकला. "वाचा परत."

तिनं परत वाचलं. आधी हळू वाचत होती, आजूबाजूच्या खाटांवरून लोक बघायला लागले होते.

"मोठ्यानं," सातुर्निनो म्हणाला. "त्या दाराजवळच्यालाही ऐकू गेलं पाहिजे. परवा विम्याचा माणूस इथं उभा राहून मला दारुडा म्हणून गेला, ते सगळ्यांनी ऐकलंय."

तिनं मोठ्यानं वाचलं. दाराजवळचा म्हातारा कोपरावर उठून बसला. नर्स औषधाचा ट्रे घेऊन मधेच थांबली. एस्कोलास्तिका खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती, एक शब्दही गाळला जात नाही ना हे बघत.

"परत," सातुर्निनो म्हणाला.

ग्रिसेल्दानं कागद सरळ केला आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली.